व्हॅक्यूमने लिंग ताणण्याचं साधन वापरताना कातडी कशी जपावी: खानदेशातल्या पुरुषांसाठी सविस्तर माहिती

व्हॅक्यूमच्या साधनामुळे लिंगाच्या टोकावर फोड आला, की माणूस डॉक्टरकडे जात नाही, मेडिकलवर येतो. तेही लगेच नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही ती वेळ साधून. तोवर घरी हळद लावून झालेली असते, टूथपेस्ट लावून झालेली असते, कुणी सुईने फोड फोडून वर डेटॉल ओतलेलं असतं. मी खानदेशातल्या अशाच एका काउंटरमागे उभा असतो. ‘काय व्हयनं, भाऊ?’ विचारलं तर आधी काहीतरी भलतंच कारण सांगतात, खरं कारण हळूहळू बाहेर येतं. यातल्या बहुतेक जखमा टाळता येण्यासारख्या असतात. साधनासोबत येणारा कागद एक तर इंग्रजीत असतो किंवा नसतोच, आणि त्यात आपल्या उन्हाळ्याचा, आपल्या कातडीचा विचार केलेला नसतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

साधनं कोणती आणि ती कुणासाठी

दोन प्रकार आहेत. पहिला म्हणजे नळकांडं आणि पंप. पूर्ण लिंग नळकांड्यात जातं, हवा काढली की आत रक्त ओढलं जातं आणि ताठरता येते. मधुमेहामुळे ताठरता कमी झालेल्यांना, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर, किंवा पायरोनी या आजारात लिंगाला बाक आला असेल तर डॉक्टर हे साधन सुचवतात. दुसरा प्रकार कप आणि पट्ट्याचा. फक्त बोंड, म्हणजे लिंगाचं टोक, एका छोट्या कपात बसतं, वरून सिलिकॉनची बाही चढते, आतली हवा काढली की कप चिकटून राहतो. मग तो कप दांड्यांनी किंवा कमरेच्या, गुडघ्याच्या पट्ट्याने पुढे ताणला जातो. फोड जास्त करून या दुसऱ्या प्रकारात येतात, कारण सगळी ओढ बोंडाच्या एवढ्याशा कातडीवर येते.

ज्यांना डॉक्टरांनी काहीच सांगितलेलं नाही आणि ‘लांबी वाढते’ एवढं ऐकून मागवलंय, त्यांनी दोन गोष्टी माहीत करून घ्याव्यात. 2015 मध्ये 15,521 पुरुषांची मापं एकत्र करून अभ्यास झाला, त्यात ताठर लिंगाची सरासरी लांबी 13.12 सेंटिमीटर भरली. व्हिडिओत दिसतं ते सरासरी नव्हे. आणि 2006 मध्ये 37 पुरुषांवर व्हॅक्यूम नळकांड्याचा प्रयोग छापून आला. 6 महिने वापर झाला आणि सरासरी ताणलेली लांबी 7.6 वरून 7.9 सेंटिमीटर झाली, म्हणजे 3 मिलिमीटरचा फरक. ताणण्याच्या साधनांचे काही अभ्यास याहून बरे आकडे देतात, पण तेही रोज काही तास, असे अनेक महिने वापरल्यावर, आणि एक-दोन सेंटिमीटरच्या आसपासचेच. घाई करून, ओढ दुप्पट करून यातलं काही लवकर मिळत नाही. जखम मात्र लवकर होते.

फोड येतो कसा

हे नीट समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं, म्हणून इथे थोडं थांबू.

कातडीचे दोन मुख्य थर असतात, वरचा पातळ आणि खालचा जाड. दोन्ही एकमेकांना बारीक दुव्यांनी धरून असतात. बाहेरून हवा काढली की खालच्या थरातलं पाणी वर खेचलं जातं. ते पाणी दोन थरांच्या मध्ये साचतं, दुवे सुटतात आणि वरचा थर फुगतो. हाच पाण्याचा फोड. त्वचारोगतज्ज्ञ कोडाच्या उपचारात हे मुद्दाम करतात. मांडीच्या कातडीवर 300 ते 400 मिलिमीटर पाऱ्याएवढी (हे दाब मोजायचं एकक) ओढ लावून ठेवली की साधारण 1 ते 3 तासांत फोड तयार होतात, त्यांचा वरचा थर काढून पांढऱ्या डागावर बसवतात. जागा उबदार ठेवली तर फोड लवकर येतात, हेही त्यांना पक्कं माहीत असतं.

म्हणजे गणित तीन गोष्टींचं आहे: ओढ किती, वेळ किती, उष्णता किती. तिन्हीतलं एक वाढलं तर बाकीची दोन कमी करावी लागतात. आणि बोंडाची कातडी मांडीपेक्षा पातळ. डॉक्टर ज्या आकड्यांवर मुद्दाम फोड आणतात, त्या आकड्यांच्या जवळपास आपण फोड टाळायच्या इराद्याने जाणं बरोबर नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कप लावून हवा काढली, मग पट्टा ताणला. आपल्याला वाटतं व्हॅक्यूम जेवढा केला तेवढाच आहे, आपण फक्त पट्टा घट्ट केला. तसं होत नाही. पट्टा ताणला की बोंड कपातून मागे सरकायला बघतं, आतली जागा वाढते आणि पंपाला हात न लावता व्हॅक्यूम वाढतो. ढोबळ हिशोब असा: कपाचा आतला व्यास साडेतीन सेंटिमीटर धरला तर 100 मिलिमीटर पाऱ्याचा व्हॅक्यूम साधारण 1.3 किलोची ओढ पेलतो. बाहीची पकड थोडा भार घेते, पण त्यापलीकडे जितकं ताणाल तितका व्हॅक्यूम कातडीला सोसावा लागतो. म्हणून पंप हलकाच मारला होता, तरी फोड आला, असं सांगणारे खोटं बोलत नसतात. त्यांनी पंप हलका मारला होता आणि पट्टा जोरात ओढला होता.

आधी हे बघा: कुणी वापरूच नये

नंदुरबार, धुळे आणि सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच जणांना असतो. सिकलसेलचा आजार असलेल्यांनी व्हॅक्यूमचं कुठलंही साधन वापरू नये. लिंगात रक्त अडकून राहण्याचा, तासन् तास दुखरी ताठरता राहण्याचा धोका त्यांच्यात मुळातच जास्त असतो. घरात कुणाला सिकलसेल असेल आणि तुमची तपासणी झालेली नसेल, तर आधी ती करा. सरकारी दवाखान्यात ती होते. 1 जुलै 2023 पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीमही सुरू आहे. फक्त वाहक असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, म्हणजे वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, रोजची अ‍ॅस्पिरिन वगैरे, तर छोट्या ओढीनेही आत रक्त साकळतं. रक्त न गोठण्याचा आजार, रक्ताचा कर्करोग असेल तर नाहीच. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करून साधन वापरायचं, असं तर कधीच करू नका.

मधुमेह असलेल्यांना बरेचदा डॉक्टरच नळकांडं सुचवतात, पण त्यांनी जास्त जपायला हवं. संवेदना कमी झालेली असेल तर दुखणं उशिरा कळतं, जखम सावकाश भरते आणि संसर्ग वेगाने पसरतो. साखर ताब्यात नसेल तोवर थांबा.

आता एक आपल्याकडचीच अडचण. उन्हाळ्या-पावसाळ्यात जांघेत गजकर्ण होतं, खाज असह्य होते, आणि माणूस दुकानातून मिळेल ती ट्यूब लावतो. त्यातल्या कित्येक ट्यूबमध्ये क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून महिनोन् महिने लावली जाते. स्टेरॉइडने कातडी पातळ होते. अशी कातडी व्हॅक्यूमखाली कागदासारखी फाटते. जांघेत किंवा लिंगावर अशी ट्यूब लावत आला असाल तर साधन बाजूला ठेवा, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आधी कातडी नीट होऊ द्या. दुकानदारांनीही अशा ट्यूब चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, हे मी आमच्याच लोकांना उद्देशून स्पष्टपणे म्हणतो.

पुढची कातडी मागे सहज सरकत नसेल, बोंडावर पांढरा थर, भेग, लालसरपणा किंवा कसलाही फोड असेल तरीही वापरू नका.

डायल वाचता आली पाहिजे

साधन घेताना व्हॅक्यूम ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणारी झडप त्यात आहे का, हे पाहा. अमेरिकेतल्या यूरोलॉजिस्टांच्या मार्गदर्शक सूचना ताठरतेसाठी अशी मर्यादा असलेलंच साधन वापरायला सांगतात, आणि तिथल्या औषध प्रशासनाने वैद्यकीय नळकांड्यांसाठी 17 इंच पारा ही कमाल मर्यादा धरली आहे. ही मर्यादा काही मिनिटांच्या वापरासाठी आहे. तासभर ताणून बसायच्या कपासाठी हा आकडा लक्ष्य समजू नका.

गोंधळ होतो तो एककांमुळे. एकाच्या डायलवर इंच पारा असतं, दुसऱ्याच्या मिलिमीटर किंवा सेंटिमीटर पारा, तिसऱ्याच्या किलोपास्कल. 1 इंच पारा म्हणजे 25.4 मिलिमीटर पारा, आणि साधारण 3.4 किलोपास्कल. मित्राने ‘मी 20 वर ठेवतो’ म्हटलं, त्याचं मीटर किलोपास्कलचं, तुमचं इंचाचं. त्याचे 20 म्हणजे 150 मिलिमीटर पारा. तुमचे 20 म्हणजे 508. एवढ्या फरकाने एका बैठकीत रक्त साकळेल. डायलवर काय लिहिलंय ते आधी वाचा, मिलिमीटर पाऱ्यात करून कागदावर लिहून ठेवा.

डायल नसलेला हातपंप घ्यायचाच नाही. कपिंगचा पिस्तुलासारखा हातपंप बाजारात स्वस्त मिळतो, त्यावर कुठलीच मर्यादा नसते, चार-पाच दाबांत तो भलताच ओढतो. दूध काढण्याच्या मशीनचा पंप 40 ते 50 किलोपास्कलवर चालतो, म्हणजे 300 ते 375 मिलिमीटर पारा. तो गुरांसाठी आहे, आणि तिथेही ओढ सतत नसते, मध्ये मध्ये सुटते. व्हॅक्यूम क्लीनरने झालेल्या लिंगाच्या भयंकर जखमा तर वैद्यकीय मासिकांत नोंदलेल्या आहेत. घरगुती जुगाड इथे नको.

कपाचं माप

कप मोठा असला की पुढे रिकामी जागा राहते. व्हॅक्यूम ती जागा भरायला बघतो, आणि भरतो तो आपल्या कातडीने, पाण्याने. म्हणून फोड बहुतेक वेळा अगदी टोकाशी, लघवीच्या छिद्राजवळ किंवा खालच्या बाजूच्या नाजूक कातडीवर येतो, तिथे कपाचा आधार नसतो. कप बोंडाला सगळीकडून टेकला पाहिजे, पण कडा रुतता कामा नये. माप बोंडाच्या सगळ्यात रुंद जागी घ्यायचं. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर दोन्ही घालून, पंप न मारता, आत किती पोकळी राहते ते बघा. पारदर्शक कप असेल तर सोपं जातं, आणि वापरतानाही आत काय चाललंय ते दिसतं. अपारदर्शक कप स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

काही जण टोकाच्या नाजूक जागी कागदी मायक्रोपोर पट्टीचा छोटा तुकडा लावतात. त्याने वरच्या थराला आधार मिळतो. पण ती गोल गुंडाळून आवळायची नाही, छिद्र झाकायचं नाही, आणि काढताना ओरबाडायचं नाही. कोमट पाण्यात भिजवून सुटेल तेव्हाच काढायची. घाईत ओढली तर जी कातडी वाचवली तीच पट्टीबरोबर येते.

प्रत्यक्ष वापर

आधी हात आणि लिंग साध्या पाण्याने, सौम्य साबणाने धुवा. पुढची कातडी मागे घेऊन आतला थर स्वच्छ करा आणि सुती कापडाने हलकं टिपून पूर्ण कोरडं करा. कपाच्या प्रकारात तेल, क्रीम, पावडर काही लावायचं नाही. तेलाने कप सरकतो, सरकतो म्हणून माणूस जास्त पंप मारतो. खोबरेल तेल आणि पेट्रोलियम जेलीने काही बाह्या खराब होतात. नळकांड्याच्या प्रकारात मात्र कडेला पाण्यात विरघळणारं जेल लावावं लागतं, नाहीतर हवा गळते आणि कड कातडीला घासते. मुळाशी केस असतील तर ट्रिमरने बारीक करा. वस्तऱ्याने नको, त्याच्या बारीक कापांतून जंतू जातात.

बोंड कपात बसवा. बाही उलगडताना घडी राहू देऊ नका. एक घडी राहिली तरी तिथे कातडी रेषेत चिमटली जाते आणि तासाभराने तिथे काळी रेघ उठते. आता पंप अगदी थोडा, कप स्वतःहून गळणार नाही एवढाच. सुरुवातीचे काही दिवस 100 ते 150 मिलिमीटर पाऱ्याच्या आतच राहा. पट्टा लगेच ताणू नका. एक-दोन मिनिटं तसंच बसा, आत काय दिसतं ते बघा. मग थोडा ताण द्या आणि डायलकडे पुन्हा नजर टाका. मघाशी सांगितल्याप्रमाणे तो चढलेला दिसेल. चढलेला आकडाच खरा आकडा.

पहिल्या आठवड्यात 10 मिनिटं पुरे. डॉक्टर नळकांडं सुचवतात तेव्हाही बरेचदा 10 मिनिटांच्याच बैठका सांगतात. 10 मिनिटं झाली की हवा सोडा, कप काढा, कातडी बघा, 5 मिनिटं मोकळं राहू द्या. पुढे वेळ वाढवला तरी दर 15-20 मिनिटांनी कप काढायचाच. कप चिकटलेला असताना झोपणं म्हणजे जाणूनबुजून इजा ओढवून घेणं आहे, दुपारी डोळा लागण्याची वेळ तर टाळाच. आठवड्यातून किमान दोन दिवस पूर्ण सुट्टी.

वेळ वाढवायचा असेल तर त्या आठवड्यात ओढ वाढवू नका. ओढ वाढवायची असेल तर वेळ तोच ठेवा. दोन्ही एकदम वाढवले आणि फोड आला, तर कशाने आला हे कळतही नाही.

वजनं लटकवू नका. पिशवीत वजन घालून कपाला टांगायचं, असं दाखवणारे व्हिडिओ आहेत. चालताना, वाकताना वजन हेलकावे खातं, क्षणभर ओढ दुप्पट होते, आणि कप निसटला तर झटक्यात कातडी घेऊन निसटतो.

काढताना आधी पट्टा सैल, मग झडप उघडून हवा हळूहळू आत, मग बाही खाली, मग कप. कप चिकटलेला असताना ओढून काढायचा नाही. झडप अडकली तर बाहीच्या कडेखाली बोट सरकवून हवा आत जाऊ द्या. नळकांड्यानंतर मुळाशी रिंग लावत असाल तर ती 30 मिनिटांच्या आत निघालीच पाहिजे, आणि पुन्हा वापरायच्या आधी किमान 60 मिनिटं जाऊ द्यावीत.

पुढची कातडी

हा भाग बहुतेक सूचनापत्रांत नसतो किंवा एका ओळीत उरकलेला असतो, आणि आपल्याकडे तर बहुतेक पुरुषांची सुंता झालेली नसते. कप बसवताना कातडी मागे घेतली जाते. कपाच्या मागे तिची गोल घडी होते आणि तिच्यात पाणी साचतं. बैठक लांबली तर ती घडी फुगून कड्यासारखी होते आणि बोंडावरून पुढे येईना. कडं आवळत जातं, बोंड अजून सुजतं, रक्तपुरवठा बंद पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

म्हणून प्रत्येक बैठकीनंतर, काही झालं तरी, कातडी पुढे आणूनच कपडे घाला. फुगलेली असेल तर सुजलेला भाग मुठीत धरून काही मिनिटं हलका, सलग दाब द्या, पाणी मागे जातं. कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ चालेल, थेट बर्फ नको. मग बोंड अंगठ्यांनी आत दाबून कातडी बोटांनी पुढे आणा. अर्ध्या तासात आली नाही, किंवा बोंड निळं-काळं, थंड किंवा बधिर वाटू लागलं, तर तडक दवाखाना. रात्रीचे दोन वाजले असले तरी. सकाळची वाट बघू नका.

आपला उन्हाळा

मार्चअखेरीपासून पारा चढतो आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे 45 च्या पुढे जातो. अशा दिवसांत कप लावण्याआधी गरम पाण्याची पिशवी ठेवा, ही इतर ठिकाणी दिली जाणारी सूचना इथे सोडून द्या. कातडी आधीच गरम असते, आणि गरम कातडीला फोड लवकर येतो. उन्हातून, शेतातून किंवा मोटारसायकलवरून आल्या आल्या वापरायचं नाही. अंघोळ करा, अंग निवू द्या. पहाटेची वेळ सगळ्यात बरी. लाइट गेली आणि कूलर बंद पडला तर बैठक तिथेच थांबवा.

घामाचा त्रास वेगळाच. सिलिकॉनच्या आत घाम सुकत नाही, आणि धुणं धुताना बोटं सुरकुततात तशी कातडी पांढरट, मऊ होते. अशी मऊ कातडी सोलवटायला वेळ लागत नाही. उन्हाळ्यात 10 मिनिटांनीच कप काढून पुसायचा, आतून टिपायचा. मेपुरतं साधन बंदच ठेवलं तर बिघडणार काही नाही.

साधन मोटारसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. प्लास्टिक वाकतं, कडेला बारीक तडे जातात, ते तडे कापतात. दर वेळी कडेवरून बोट फिरवून बघा. धुताना सौम्य साबण आणि पाणी, मग सावलीत पूर्ण वाळवणं. साधन दुसऱ्याला वापरायला द्यायचं नाही, सख्ख्या भावालाही नाही.

कातडी काय सांगते

परदेशी माहितीत ‘लाल झालं तर थांबा’ असं असतं. सावळ्या, काळ्या कातडीवर लालपणा उठून दिसत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी, साधन लावण्याआधी, दिवसाउजेडी बोंडाचा आणि कातडीचा मूळ रंग नीट बघून ठेवा. नंतर त्याच उजेडात तुलना करा. बोंड बोटाने दाबून सोडलं की फिकट होऊन दोन-तीन सेकंदांत मूळ रंगावर यायला हवं. हलका गडदपणा, थोडी सूज अर्ध्या तासात ओसरली तर ठीक.

बारीक टाचणीच्या डोक्याएवढे गडद ठिपके दिसले तर केशवाहिन्या फुटल्या आहेत. तीन-चार दिवस थांबा आणि परत सुरू करताना ओढ कमी ठेवा. जळजळ, टोचल्यासारखं, मुंग्या, बधिरपणा यातलं काहीही जाणवलं तर त्याच मिनिटाला हवा सोडायची. बैठक पूर्ण करायची नाही.

फोड आलाच तर

फोडू नका. वरची कातडी ही त्या जागेची सगळ्यात चांगली पट्टी असते. साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, न चिकटणाऱ्या जाळीदार ड्रेसिंगचा छोटा तुकडा ठेवा. ढिली सुती अंडरवेअर किंवा घरी लुंगी. आपोआप फुटला तर वरची कातडी कात्रीने कापू नका, तशीच पसरून ठेवा. डेटॉल, स्पिरिट, हळद, चुना, टूथपेस्ट, स्टेरॉइडची ट्यूब यातलं काहीही नाही. डेटॉल नीट पातळ न करता लावल्याने भाजल्यासारखी झालेली जागा मूळ फोडापेक्षा जास्त दिवस घेते. संबंध आणि हस्तमैथुन, दोन्ही बंद. साधा फोड एक-दोन आठवड्यांत भरतो. पत्नीला काय झालंय ते सांगून टाका. लपवण्याच्या धडपडीत काळजी राहून जाते.

पू, वाढत जाणारी सूज, ताप, काळी पडणारी जागा, लघवीला अडथळा, लघवीत रक्त, अचानक ‘कट्’ असा आवाज होऊन लिंग सुजून काळं-निळं होणं, किंवा 4 तासांहून जास्त टिकलेली दुखरी ताठरता: यांतल्या कशालाही घरगुती उपाय नाही. मधुमेह असेल आणि लिंग, अंडकोश किंवा जांघेतली लाली वेदनेसह तासातासाला पसरत असेल तर ती जिवावरची वेळ आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अशा वेळी थेट जाता येतं. साध्या जखमेसाठी तिथली त्वचा व गुप्तरोगाची ओपीडी पुरते. तिथल्या डॉक्टरांसाठी हे रोजचं काम आहे. नंबर काढताना खिडकीवर सगळं सांगायची गरज नाही, ‘त्वचा विभाग’ एवढं पुरे. आत गेल्यावर मात्र सगळं सांगा: कुठल्या प्रकारचं साधन, डायलवर किती होतं, किती वेळ लावलं, घरी काय लावलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. शक्य असेल तर कप पिशवीत घालून सोबत न्या. कड कुठे रुतली हे डॉक्टरांना तो बघून लगेच कळतं.

भरल्यानंतर पुन्हा वापरायचं असेल तर नवीन कातडीचा गुलाबीपणा जाऊन मूळ रंग येईपर्यंत थांबा, वर आणखी एक आठवडा जाऊ द्या. आणि सुरुवात परत पहिल्या आठवड्याच्या 10 मिनिटांपासून, फोड आला त्या ओढीच्या निम्म्यावर. त्याच जागी दुसऱ्यांदा फोड आला तर तो कप तुमच्या मापाचा नाही, बदला किंवा सोडून द्या.